खिन्न मन आणि मद्य

मद्यपानाच्या दुष्परिणामांवर प्रवचने पुष्कळ झाली आहेत. त्यांत भर घालण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते इतकेच की, नैराश्याचा विकार जडलेला मनुष्य जेव्हा अतोनात पिऊ लागतो, तेव्हा त्या दोन व्याधी शेजारी शेजारी राहत नाहीत. एक दुसरीस पोसते आणि झाकूनही ठेवते. घरची मंडळी म्हणतात, "पितो म्हणून असा झाला." तो म्हणतो, "असा झालो म्हणून पितो." दोघांचेही अर्धेच खरे असते, आणि या वादात उपचाराचे महिने निघून जातात.

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातील सुधाकर वकील न्यायालयातील अपमानानंतर, मनाची आग शमविण्यासाठी तळीरामाच्या हातून पहिला प्याला घेतो. प्रेक्षकांच्या स्मरणात राहतो तो पुढचा सर्वनाश. आम्हांस मात्र तो पहिला प्यालाच अधिक विचार करण्याजोगा वाटतो, कारण तो चैनीसाठी घेतलेला नव्हता.

मद्याने दुःख हलके होते हा अनुभव खोटा नव्हे. तासाभरापुरते ते खरोखर हलके होते, झोपही लवकर लागते. परंतु अंमल उतरू लागला म्हणजे तीच झोप मोडते. रात्रीच्या उत्तर प्रहरी जाग येते, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. नैराश्याच्या रुग्णासही नेमकी पहाटेपूर्वी जाग येण्याची खोड असते. दोन्ही कारणे एका घटकेस येऊन मिळतात, आणि अंधारात एकटा पडलेला तो मनुष्य आपल्या आयुष्याचा हिशेब मांडू लागतो. संध्याकाळी मागच्याहून थोडी अधिक लागते, कारण शरीरही सरावलेले असते.

खरा धोका आहे तो येथे. मद्य मनाचा लगाम सैल करते. शुद्धीवर असताना जो विचार माणूस मागे रेटतो, तो नशेत कृतीत उतरू शकतो. म्हणून "जगून काय करायचे" असे कोणी पिऊन बोलला, तर ती नशेतली बडबड समजू नये. त्यास सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात नव्याने रुजत नाही. त्या रात्री त्यास एकटे ठेवू नये, आणि बागायतीची विषारी औषधे व गोळ्यांच्या डब्या दृष्टीआड कराव्यात. नैराश्यावरील औषधांबरोबर मद्य घेतल्यास गुंगी वाढते. झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास श्वासच मंदावून प्राणावर बेतते.

आता एक गोष्ट आपल्या देवळाशी संबंध असलेली. गाऱ्हाणे घालून, देवापुढे शपथ घ्यावयास लावून, त्याच दिवशी बाटली बंद करविण्याची रीत कित्येक घरांत आहे. शपथेस आमचा विरोध नाही. परंतु वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर पहिल्या काही दिवसांत हात कापणे, घाम, झटके, भ्रम अशी लक्षणे उद्भवतात, आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. आधी डॉक्टर, मग शपथ. त्या दिवसांतील चिडचिडीवरून त्याच्या निश्चयाची परीक्षाही करू नये. दारू सुटल्यावर तीन-चार आठवड्यांत कित्येकांची खिन्नता आपोआप ओसरते. ज्यांची ओसरत नाही त्यांच्या नैराश्यावर स्वतंत्र उपचार हवा. "दारू सुटली, आता काय झाले आहे त्याला?" असे म्हणून तेथेच थांबणारी घरे आम्हांस फार वाटतात.

उपचार मोठ्या शहरातच होतो असेही नाही. आपल्या गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या सामान्य माणसांनी रुग्णांशी काही बैठकी बोलून पाहिले. एक प्रयोग नैराश्यावर, दुसरा घातक मद्यपानावर. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोहोंचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मद्यपानाच्या प्रयोगात तीन महिन्यांनी अशा बैठकी लाभलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के पुरुषांचे पिणे आटोक्यात आले, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत सुमारे २६ टक्क्यांचे. अर्थात दारूवाचून ज्यांचे शरीर चालतच नाही, अशांसाठी तो प्रयोग नव्हता. त्यांनी बांबोळीचे मनोविकार रुग्णालय गाठावे. तेथे जाताना दोन्ही गोष्टी सांगाव्या, किती पितो ते आणि मन किती दिवस खचले आहे तेही. रात्री-अपरात्री घरात कोणी खचलेला दिसला, तर सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो.