एका कानाचा बहिरेपणा : गाठ आणि निर्णय

वय झाले की ऐकू कमी येणारच, अशी समजूत सातारा-सांगलीच्या खेड्यांत रूढ आहे. दोन्ही कान सारखेच मंदावले तर ती बहुधा खरीही ठरते. परंतु एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागले, त्यात सतत गुणगुण होऊ लागली, अंधारात बांधावरून चालताना तोल जाऊ लागला, तर ‘अकूस्टिक न्यूरोमा’ची शंका घ्यावी. मिरज व कराड येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये असल्याने पहिल्या तपासणीसाठी मुंबई गाठण्याचे कारण नाही. श्रवणचाचणीनंतर एम. आर. आय. तपासणीने निदान होते.

ही गाठ कर्करोगाची नव्हे. आठव्या मज्जातंतूच्या आवरणातून ती निघते व सहसा सावकाश वाढते. काही गाठी वर्षानुवर्षे तेवढ्याच राहतात. म्हणून लहान गाठीबाबत ठराविक काळाने पुन्हा तपासणी करीत थांबणे हाही मान्य मार्ग आहे. मात्र या काळात श्रवणशक्ती घटू शकते. स्टॉकहोममध्ये १९६९ साली या गाठीवर प्रथम योजलेला गॅमा नाइफ किरणोपचार गाठ काढून टाकीत नाही, तिची वाढ रोखतो. मेंदूच्या खोडावर दाब आणणाऱ्या मोठ्या गाठीस बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. चेहऱ्याचा मज्जातंतू अगदी लगत असल्याने तोंड वाकडे होण्याचा, डोळा पूर्ण न मिटण्याचा धोका किती, हे शल्यविशारदास आधीच स्पष्ट विचारावे. त्यात संकोच कसला?

गेलेले श्रवण सहसा परत येत नाही. तोल मात्र नियमित व्यायामाने पुष्कळ सावरतो. अशा सदस्याला ग्रामसभेत त्याचा चांगला कान सभेकडे राहील अशी जागा द्यावी.