आरोग्य विम्याच्या दोन योजनांची बीजगणिताने तुलना

शेतकरी कुटुंबात मोठे दुखणे आले म्हणजे बियाण्यासाठी राखलेला पैसा प्रथम खर्ची पडतो, आणि तेवढ्याने न भागल्यास बैलजोडी विकावी लागते. आरोग्य विमा हा यावरील एक उपाय होय. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. म्हणून आपली पात्रता प्रथम पाहावी. ज्यांना विकतचा विमा घ्यावयाचा आहे त्यांनी मात्र केवळ हप्ता पाहून निवड करू नये.

उदाहरणादाखल दोन योजना घेऊ. दोहोंची कमाल मर्यादा ५ लाख रुपये आहे.

(अ) वार्षिक हप्ता ९,००० रुपये. बिलाचा शेकडा २० भाग आपण भरावयाचा.
(ब) वार्षिक हप्ता १५,००० रुपये. बिलाचा शेकडा ५ भाग आपण भरावयाचा.

वर्षाचे रुग्णालयाचे बिल क्ष रुपये मानू.

अ चा खर्च = ९,००० + क्ष/५
ब चा खर्च = १५,००० + क्ष/२०

दोन्ही खर्च समान मानल्यास,

क्ष/५ − क्ष/२० = ६,०००
३क्ष/२० = ६,०००
क्ष = ४०,०००

पडताळा : ४०,००० रुपये बिलास दोन्हीकडे १७,००० रुपयेच खर्च येतो. बिल याहून कमी असल्यास अ स्वस्त, अधिक असल्यास ब स्वस्त.

कोणी आजारी न पडल्यास ब योजनेस ६,००० रुपये जास्त लागतात. उलट, बिल ३ लाख रुपये झाल्यास अ योजनेत एकूण ६९,००० व ब योजनेत ३०,००० रुपये पडतात. आजार सांगून येत नाही. तेव्हा निर्णयाचा खरा प्रश्न असा : अ योजनेत अशा वेळी भरावे लागणारे ६०,००० रुपये कर्जावाचून उभे करता येतील काय? येत असल्यास अ पुरेशी आहे. नसल्यास दरसालचे जादा ६,००० रुपये वाया गेले असे समजू नये.

समीकरणात न दिसणाऱ्या अटीही वाचाव्यात. खोलीभाड्यास मर्यादा आहे काय? पूर्वीच्या आजारासाठी किती काळ थांबावे लागेल? २०२४ च्या नियमांप्रमाणे हा काळ तीन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष योजनांचे आकडे घालून हे गणित फळ्यावर सोडवून दाखवावे.