आधी विषय शिका, मग ॲनिमेशन

बारावीचा निकाल लागला की येणाऱ्या प्रश्नांत यंदाही फारसा फरक नाही. ‘कॉम्प्युटर मिळेल का, सर?’ या जुन्या प्रश्नाला आता एआयची शेपटी लागली, एवढंच. सीईटीत मार्क कमी पडलेत आणि मुलगी वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढत बसते, अशा घरांचा प्रश्नही ठरलेला: ‘मग मल्टिमीडियाला घालू का? ॲनिमेशन-व्हीएफएक्सचा कोर्स आहे, फी लाखाच्या वर आहे, पण नोकरीची हमी देतायत.’ गडहिंग्लजहून फोन येवो की इचलकरंजीहून, फी भरायची शेवटची तारीख नेहमी परवाचीच असते.

घालू नका. कर्ज काढून तर नकोच नको.

त्या कोर्सांत बहुतेक वेळ जातो सॉफ्टवेअरची बटणं शिकण्यात. तुमची मुलगी ती मोबाइलवर व्हिडिओ बघून दोन-तीन महिन्यांत शिकेल. शिवाय आता दोन ओळी लिहिल्या की एआय हलतं चित्र करून देतं. ज्या कौशल्याचा भाव असा उतरत चाललाय, त्यासाठी वडिलांनी पीएफमधून पैसे काढायचे, हा हिशेब मला पटत नाही. हमीचं म्हणाल तर ती कागदावर मागून बघा. कोणत्या कंपनीत, कोणत्या पदावर, किती पगारावर? समोरचा लगेच विषय बदलतो.

याच क्षेत्राच्या शेजारी एक काम आहे आणि त्याबद्दल मला कुणीच विचारत नाही: शिकण्याचं साहित्य रचणं. कंपन्यांत या माणसाला इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणतात. धड्यातली कोणती गोष्ट चित्रानं सांगायची, कोणती आवाजानं, कुठं थांबून प्रश्न विचारायचा आणि कुठं व्हिडिओची गरजच नाही, हे ठरवणं हे त्याचं काम. चित्र काढणारा वेगळा असू शकतो.

उदाहरण घेऊ. उन्हाळा का होतो, असं मुलांना विचारा. ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून,’ असं उत्तर हमखास येतं. मोठी माणसंही हेच सांगतात; १९८७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात कॅमेऱ्यासमोर हा प्रश्न विचारला, तेव्हा तिथल्याही बहुतेकांनी हेच सांगितलं. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण पंचगंगेच्या घाटावर कुडकुडत असतो तेव्हा. त्या वेळी अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, तर जुलैत १५.२ कोटी. ऋतू होतात ते आस साडेतेवीस अंशांनी कलल्यामुळे.

मग ही समजूत येते कुठून? तिला बळ देतं चित्रच. पृथ्वीची कक्षा बाजूनं पाहिल्यासारखी काढतात, म्हणून ती लांबट अंड्यासारखी दिसते, आणि मूल निष्कर्ष काढतं की टोकांना थंडी, मध्ये उन्हाळा. कक्षा प्रमाणात काढली तर दहा सेंटिमीटरच्या चित्रात तिच्या लांबी-रुंदीतला फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी भरेल, म्हणजे डोळ्यांना ते वर्तुळच. आता हेच लांबट चित्र कुणी झगमगीत थ्रीडीत फिरवून दाखवलं, मागं बासरी लावली, तर चुकीची समजूत अधिक सुंदर होऊन घट्ट बसेल. ॲनिमेटरचा यात दोष नाही. त्याला सांगणारं कुणी नव्हतं.

साहित्य रचणारा वेगळा विचार करतो. कोल्हापूरच्या माथ्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऋतू समजायला सूर्याची ही वर-खाली होणारी उंची बघण्यासारखं दुसरं साधन नाही. पण मेमध्ये शाळेला सुट्टी आणि ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं. म्हणून इथं व्हिडिओ हवा: शाळेच्याच पटांगणातली एक काठी, महिन्यातून एकदा एकाच वेळी टिपलेली तिची सावली, बारा महिने एका मिनिटात. याला थ्रीडी लागत नाही, फोन पुरतो. डोकं मात्र लागतं.

या कामाला शास्त्र आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी आयुष्यभर यावरच प्रयोग केले. त्यांचा एक निष्कर्ष आपल्या क्लासवाल्यांनी भिंतीवर लावावा असा आहे: चित्र दाखवून आवाजात समजावत असाल, तर तीच वाक्यं पडद्यावर लिहू नका. मुलाचे डोळे एकाच वेळी चित्रावर आणि अक्षरांवर राहू शकत नाहीत. (कमी ऐकू येणाऱ्या किंवा परक्या भाषेत शिकणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी, त्यांना अक्षरं हवीत.) पार्श्वसंगीत आणि उगाच उड्या मारणारा ससा यांनीही शिकणं घटतंच. आमच्याकडचे बहुतेक ‘डिजिटल धडे’ या कसोटीवर पहिल्या मिनिटातच नापास होतील.

महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातलं. रणजितसिंह डिसले माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत गेले, तेव्हा काही मुलींची घरची भाषा कन्नड आणि पुस्तकं मराठीत. त्यांनी आधी ती भाषा शिकून घेतली, मग मजकूर त्या भाषेत आणला, आणि त्यानंतर क्यूआर कोड लावून कविता, व्हिडिओ, स्वाध्याय पुस्तकाला जोडले. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही क्यूआर कोड आले आणि २०२० साली डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. बातम्यांत कोड गाजला, पण काम सुरू झालं होतं पोरींच्या भाषेपासून. आणखी एक. डिसले यांना आयटी इंजिनिअर व्हायचं होतं, ते जमलं नाही आणि वडिलांनी त्यांना डीएडकडं वळवलं. आपल्या ओळखीत असा सल्ला देणारे वडील किती निघतील, मोजून बघा.

वाटा थोडक्यात सांगतो. बारावी कुठल्याही शाखेची असो, यूसीड ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात बी.डिझाइन करता येतं. पदवीनंतर सीड या परीक्षेमार्गे एम.डिझाइन. एसएनडीटी विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे, आयआयटी मुंबईत त्यात पीएच.डी. होते. पण मला सर्वांत भरवशाची वाटते ती वाट कुणाला नको असते: शिवाजी विद्यापीठातून बी.एस्सी., मग बी.एड., दोन-तीन वर्षं खरोखर वर्गात उभं राहणं आणि त्याच काळात साहित्य बनवत जाणं. काम मिळतं ते प्रकाशन संस्थांत, ई-लर्निंग कंपन्यांत आणि बँका-कारखान्यांच्या प्रशिक्षण विभागांत. गुलाबी चित्र रंगवत नाही. बायजूजसारखी प्रचंड ई-लर्निंग कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. म्हणूनच विषय पक्का हवा. कंपनी बुडाली तर शाळा आहे.

आता पालकांशी. ‘मास्तर होऊन काय करणार?’ हे वाक्य मी कोल्हापुरात ऐकतो याचं दर वेळी नवल वाटतं. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते याच संस्थानात. ज्यांची तिसरी पिढी त्यावर उभी आहे, ते पोरीनं शिकवण्याचं नाव काढलं की समाजात काय सांगू म्हणून तोंड पाडतात. मग जिला समजावून सांगायची विलक्षण हातोटी आहे, ती चार वर्षं कोडिंगच्या बॅकलॉगमध्ये घालवते. मुलांची आवड तुम्हाला दिसत नाही असं नाही. ती दिसते, आणि भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याजोगी नाही म्हणून तुम्ही ती बाजूला सारता.

फी भरण्याआधी एवढं करा. मुलीला शाळेच्या पुस्तकातला एकच अवघड मुद्दा निवडू द्या. तीन मिनिटांचा व्हिडिओ तिनं फोनवर करावा आणि गल्लीतल्या सातवी-आठवीच्या चार पोरांना दाखवावा. आठवड्यानं त्यांना त्यावर प्रश्न विचारावेत, काय चुकतं ते लिहून ठेवावं आणि व्हिडिओ पुन्हा करावा. दुसऱ्यांदा करायचा तिला कंटाळा आला, तर हे क्षेत्र तिचं नाही. तिसऱ्यांदाही करावासा वाटला, तर ते तिन्ही व्हिडिओ आणि चुकांची वही घेऊन माझ्याकडं या. येताना आणखी एक पाळा: पोरांना प्रश्न विचारले जात असताना आईवडिलांनी शेजारी बसून उत्तरं पुरवायची नाहीत.