नाव पुढं, कूळ मागं

भाच्या, जुना टीव्ही ओळखायचा तर पुढं उभा राहून नाव वाचत बसू नकोस. पुढचं नाव म्हणजे पाटी, आणि पाटी दोन स्क्रूंवर असते. मी स्वतः एका कंपनीच्या खोक्यात दुसरीची चॅसी, म्हणजे आतला सांगाडा, बसवून दिलेली आहे. लाज वाटत नाही. महाभारताचा रविवार होता आणि गिऱ्हाईक सकाळी सातपासून ओट्यावर बसून होतं.

आपलं चुडावा पडलं मनमाड–सिकंदराबाद लाईनीवर, पूर्णा आणि नांदेडच्या मधे. त्यामुळं सेट दोन्ही बाजूंनी यायचे. हैदराबादकडून ईसीआयएलचा ईसी टीव्ही, औरंगाबादकडून चितेगावात बनलेला व्हिडिओकॉन. मधून वेस्टन, क्राऊन, डायनोरा. आणि बिननावाचे असेंबल केलेले तर विचारूच नकोस. पाठ उघडल्याशिवाय कुणाचा कोण ते कळायचं नाही.

पाठ उघडायच्या आधी टेस्टर काढ. सेटचा काळ ठरवायची पहिली खूणही तीच आहे आणि जीव वाचवायचीही. जुन्या सेटात मेनचा ट्रान्सफॉर्मर नसायचा. लाईटची एक तार थेट चॅसीला जोडलेली. दोन पिनांचा प्लग सरळ लावला तर चॅसी थंड, उलटा लावला तर तोच पत्रा दोनशे तीस व्होल्टचा. टेस्टर पेटला की प्लग फिरवून बघ. एका बाजूनं पेटतो, दुसऱ्या बाजूनं विझतो, तर सेट जुन्या घराण्यातला. दोन्ही बाजूंनी पेटत असेल तर आत ब्रिज रेक्टिफायर आहे. तिथं प्लग फिरवून काही उपयोग नाही. अशाच एका सेटनं मला भिंतीवर फेकलं होतं. तेव्हापासून चॅसीवर काम करताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि डावा हात खिशात. ट्यूबचा चार्जही आधी उतरव. रंगीत ट्यूबवर पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास असतात. स्क्रूड्रायव्हरला बांधलेली तार ट्यूबच्या काळ्या पाठीवरच्या विणलेल्या तारेलाच लाव, बोर्डाला नको, नाहीतर आयसी जातील.

आता आत बघ. काचेचे व्हॉल्व्ह दिसले तर सत्तरच्या दशकातला माल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या पहिल्या हंगामातले सेट. आपल्याकडं ते थेट आले नाहीत, शहरातल्या पाहुण्यानं नवा घेतला की जुना गाडीत घालून इकडं. लाकडी कॅबिनेट, पुढं सरकतं शटर, त्याला कुलूप. व्हॉल्व्हवरचं अक्षर वाच. ‘पी’नं सुरू होत असेल, म्हणजे पीएल ५०४, पीवाय ८८, पीसीएल ८०५, तर सगळे फिलामेंट ओळीनं जोडलेले, ३०० मिलिअँपिअरवर, गणपतीच्या लायटिंगच्या माळेसारखे. एक गेला की सगळे काळे. रेडिओत ‘ई’चे व्हॉल्व्ह असतात, ते ६.३ व्होल्टचे. एकाच्या जागी दुसरा घुसवशील तर तूच शहाणा.

व्हॉल्व्ह नाहीत, पण लाईन आउटपुटला बीयू २०५ हा लोखंडी टोपीचा ट्रान्झिस्टर दिसतोय, सिंकला टीबीए ९२० किंवा सीए ९२० आणि आवाजाला ८१०, तर तो काळापांढरा ट्रान्झिस्टरचा सेट. गावोगाव हाच होता. बारा खटक्यांचा ट्यूनर असेल तर आधीचा, बटणं दाबायचा असेल तर नंतरचा. चौदा इंची सेटाच्या पाठीला १२ व्होल्टची पिन दिसली तर आत ट्रान्सफॉर्मर आहे आणि चॅसी मेनपासून सुटी आहे. तिला हात लावायला भीती नाही. लाईट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी उतरवून लोकांनी याच सेटावर मालिका बघितल्या. आणखी पुढं गेलास की एकाच आयसीत, एएन ५१५१ मधे, जवळजवळ सगळा टीव्ही मावलेला दिसेल. बोर्ड रिकामं वाटतं. मला ते कधी आवडलं नाही.

रंगीतमधे मात्र नजर बारीक ठेव. ४.४३ लिहिलेला क्रिस्टल दिसला की रंगीत. जुन्या सेटात शेजारी ३.५८ चाही असेल तर तो बहुपद्धतीचा, बहुधा आखातातून कुणीतरी आणलेला. मग काडेपेटीहून चपटी डबी शोध. ती डिले लाईन. आत काच असते आणि सिग्नल त्यातून ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे चित्राच्या एका ओळीइतका, उशिरा बाहेर येतो. डबी आहे तर चॅसी पहिल्या पिढ्यांतली. पुढं हे काम आयसीनंच उचललं.

पाठीवरच्या कागदावर मॉडेल असतं, चॅसी नव्हे. एकाच चॅसीवर दहा मॉडेलं निघतात, आणि एकाच मॉडेलात मधेच चॅसी बदलते. सोनीची बीजी-१एस, फिलिप्सची एल०१, एलजीची एमसी-०१९ए, असे आकडे बोर्डावर छापलेले किंवा चिकटवलेले सापडतात. फ्लायबॅकच्या आसपास बघ, धूळ ब्रशनं झाड, ओल्या फडक्यानं नको, शाई जाते. सर्किट मागताना चॅसीचा आकडा सांग. मॉडेल सांगशील तर दुकानदार काहीही हातात देईल.

वर्ष हवं असेल तर आयसीवरचे चार आकडे बघ. ८७३४ म्हणजे १९८७, चौतिसावा आठवडा. पण एकावर विसंबू नकोस, तो आयसी मीच बदललेला असेल. चार-पाच बघ, जो आकडा पुन्हा पुन्हा येतो, तो खरा.

आणि कॅबिनेटच्या आतल्या लाकडावर बॅटरी मारून बघ. आम्ही पेन्सिलनं तिथं तारीख आणि काय बदललं ते लिहून ठेवायचो. माळ्यावरच्या शटरच्या सेटात माझं अक्षर सापडेल. पॉलिश करताना ते घासू नकोस.