सम्यक् वाचा आणि रॅप

उपासक-उपासिकांनो, तळीयेसारख्या गावातही मुले मोबाईलवर रॅप लावतात, तेव्हा वडीलधारी मंडळी विचारतात, "हे गाणे की भांडण?" प्रश्न रास्त आहे. तो सम्यक् वाचेच्या कसोटीवर लावून पाहू.

हिप-हॉप १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, गोरगरीब काळ्या तरुणांत जन्मले. ठेक्यावर यमक जुळवून बोलणे म्हणजे रॅप. पेटी-तबल्याची जमवाजमव नको. आपले जलसेही तुटपुंज्या साहित्यावरच गावोगाव गेले.

२०२३ साली राज मुंगासे या मराठी रॅपरने आदल्या वर्षीच्या सत्तांतरावर गाणे केले. नाव कोणाचे घेतले नव्हते, ऐकणारे समजले. गाणे मोबाईलवरून महाराष्ट्रभर पसरले आणि अंबरनाथला त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला.

आता मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्त पाहा. तथागत असत्य बोलत नाहीत, निरर्थक सत्यही बोलत नाहीत. पण सत्य हितकारक असेल, तर ते अप्रिय असले तरी काळवेळ जाणून बोलतात. तेव्हा गाणे कोणाला झोंबले, एवढ्याने ते मिथ्या वाचा ठरत नाही. मात्र आईबहिणीवरून दिलेली शिवी ही कठोर वाचाच. ठेका कितीही झकास असो.

म्हणून मुलाचा मोबाईल हिसकावू नका. शेजारी बसा, शब्द नीट ऐका आणि त्यालाच विचारा : हे खरे आहे का? यात कोणाचे हित आहे?