जीवनसत्त्व ‘ई’ आणि आनुवंशिक रक्तविकार

गेल्या वर्षी एके दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या वर्गातील एक विद्यार्थी मजजवळ आला. त्याला जन्मापासून सिकलसेलचा विकार आहे. त्याच्या मावशीने मोठ्या मायेने जीवनसत्त्व ‘ई’च्या कॅप्सूल त्याला आणून दिल्या होत्या. तो म्हणाला, “सर, हे तर जीवनसत्त्व, औषध नव्हे. मग घ्यावयास हरकत कोणती?” प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर साधे नाही. म्हणून हा लेख.

जीवनसत्त्व ‘ई’चा शोध १९२२ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट एव्हन्स व कॅथरिन बिशप यांनी लावला. ते स्निग्ध पदार्थांत विरघळते. आपल्या पेशींची आवरणे स्निग्ध द्रव्यांची बनलेली असतात. प्राणवायूच्या संयोगाने ती खवट होऊन नासू नयेत म्हणून हे जीवनसत्त्व पहारा करते. शेंगदाणे, बदाम, करडईचे व सूर्यफुलाचे तेल, पालक यांतून ते आपणांस मिळते. अमेरिकन तज्ज्ञांनी २००० साली प्रौढ माणसाची रोजची गरज १५ मिलिग्रॅम ठरविली. बाजारातील एक कॅप्सूल मात्र पुष्कळदा ४०० मिलिग्रॅमची, म्हणजे या गरजेच्या सव्वीस पटींहून अधिक असते! एवढी मात्रा हे अन्न उरत नाही. ते औषधच होय.

आता सिकलसेलकडे वळू. गुजरातचा पूर्व पट्टा, मध्य प्रदेश, विदर्भ व खानदेश येथे, विशेषतः आदिवासी बांधवांत, हा विकार बराच आढळतो. आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले म्हणजे तो होतो. यात प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही बिचारी दहा-वीस दिवसांतच फुटते. तिच्या आवरणाची प्राणवायूमुळे फार झीज होते, आणि अनेक रुग्णांच्या रक्तात जीवनसत्त्व ‘ई’ कमी आढळते. तेव्हा ते बाहेरून दिले तर पेशी टिकतील, असे कोणासही वाटेल.

परंतु शास्त्रात नुसते वाटून भागत नाही, प्रचीती पाहावी लागते. ब्राझीलमध्ये ८३ रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. काहींना १८० दिवस ‘सी’ व ‘ई’ या जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या. इतरांना दिसावयास तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. जीवनसत्त्वे घेणाऱ्यांचे हिमोग्लोबिन वाढले नाही. उलट पेशी अधिक फुटत असल्याच्या खुणा वाढल्या. दोन्ही जीवनसत्त्वे एकत्र दिल्यामुळे दोष नेमका कोणाचा, हे या प्रयोगावरून सांगता येत नाही. तथापि, ‘अधिक ते उत्तम’ हा समज खोटा आहे, एवढे त्यावरून नक्की कळते.

दुसरा धोका रक्तस्रावाचा. मोठ्या मात्रेत जीवनसत्त्व ‘ई’ हे रक्त गोठविण्यास साहाय्य करणाऱ्या जीवनसत्त्व ‘के’च्या कामात अडथळा आणते, व बिंबाणूंना एकमेकांस चिकटू देत नाही. हिमोफिलियाच्या रोग्याचे रक्त आधीच नीट गोठत नाही. त्याला ही कॅप्सूल म्हणजे गळक्या घागरीस आणखी एक छिद्र. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या व १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, रोज केवळ ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांतही मेंदूतील रक्तस्रावाने झालेले मृत्यू अधिक आढळले.

मग हे जीवनसत्त्व कधीच घेऊ नये काय? तसे नव्हे. रक्त तपासून खरी उणीव आढळली, तर डॉक्टर मोजून मात्रा देतात. म्हणून पुढील नियम ध्यानी ठेवावेत :

१. आपला विकार कोणता, याचे नेमके नाव ठाऊक असावे. सिकलसेल, थॅलॅसेमिया, हिमोफिलिया यांचे पथ्य एक नाही.
२. कॅप्सूल सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास किंवा दात काढावयाचा वा शस्त्रक्रिया व्हावयाची असल्यास हे अवश्य सांगावे.
३. वेष्टनावरील घटक वाचावेत. अनेक जीवनसत्त्वांच्या मिश्र गोळीत लोहही असते. वारंवार रक्त घेणाऱ्यांच्या शरीरात ते आधीच साठलेले असते.
४. डॉक्टरांनी दिलेले फॉलिक अॅसिड वा अन्य औषध जीवनसत्त्वाच्या भरवशावर बंद करू नये.
५. नाकातून वा हिरड्यांतून रक्त आले, अंगावर निळे डाग उठले वा शौचास काळे झाले, तर कॅप्सूल थांबवून डॉक्टरांस भेटावे. सिकलसेलच्या रुग्णास ताप आला, छातीत दुखू लागले किंवा हात-पाय लुळा पडला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

आमचा विद्यार्थी ती पट्टी घेऊन डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी ती ठेवून घेतली आणि सांगितले, “पाणी भरपूर पी, नेमाने औषध घे आणि चौरस आहार ठेव.” मावशींना प्रथम वाईट वाटले. पण त्यांची माया आटली नाही. आता दर महिन्यास शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा येतो. त्यांतील एक परवा मलाही मिळाला!