मॉनिटरचे चित्र का हलते? – एक अभ्यास



पाठीमागे फुगीर, वजनाला जड असा चित्रनळीचा मॉनिटर आता दुकानात नवीन मिळत नाही. तरीही कुणाच्या घरी तो माळ्यावर आहे, कुणाच्या कारखान्यात जुन्या यंत्राला जोडलेला आहे, तर कुणाच्या हिशेबाच्या टेबलावर अजून काम करतो आहे. त्याचे चित्र हलू लागले, वाकडे झाले किंवा रंग बिघडले की 'ट्यूब गेली' असे म्हणून तो मोडीत काढला जातो, नाहीतर दुरुस्तीवर नाहक पैसे जातात. दोष नेमका कोठे आहे हे ओळखण्याची पद्धत या पाठात पाहू. पद्धत सोपी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते वहीत लिहायचे.

घाटकोपरचा अनुभव

1998 साली घाटकोपरला रेल्वे रुळांना लागून असलेल्या एका चाळीत आम्ही काही जण मुलांसाठी संगणकाचा वर्ग चालवीत होतो. वर्गणी काढून जुना संगणक आणि चौदा इंची रंगीत मॉनिटर घेतला होता. त्याचे चित्र मधूनच एका बाजूला सरके, कोपऱ्यात रंगाचे डाग चढत आणि क्षणात सारे पूर्ववत होई. दुरुस्ती करणाऱ्याने पाहून पिक्चर ट्यूब बदलावी लागेल असे सांगितले. खर्च ऐकल्यावर वर्ग बंद करावा की काय, असा विचार सुरू झाला. मुलांची परीक्षा तर तोंडावर आली होती.

वर्गातील एका विद्यार्थिनीने आठवडाभर वहीत वेळा टिपून ठेवल्या. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी चित्र सर्वांत जास्त सरकत होते, दुपारी कमी. रविवारी रुळांच्या कामासाठी जवळच्या मार्गावरील गाड्या काही तास बंद होत्या. तेवढा वेळ चित्र जवळजवळ स्थिर राहिले. ती वही पाहिल्यावर आमच्या ध्यानात आले की दोष यंत्रात नव्हता, खिडकीबाहेर होता. टेबल रुळांकडच्या भिंतीपासून उचलून रस्त्याकडच्या खोलीत नेले. सरकणे पूर्ण थांबले नाही, पण वाचण्यात अडचण येईना. मुलांनी परीक्षा दिली आणि एक पैसाही खर्च झाला नाही.

असे का होते?

चित्रनळीच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनांची शलाका निघते. नळीच्या मानेवर बसविलेल्या तारांच्या वेटोळ्यांतून चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते या शलाकेला डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवते. शलाका चुंबकाने वळते, म्हणून बाहेरचे कोणतेही चुंबकीय क्षेत्र तिला थोडे अधिक वळवू शकते. रंगीत नळीत पडद्यामागे बारीक भोकांची जाळी असते. शलाका किंचित चुकली तरी लालऐवजी शेजारचा हिरवा किंवा निळा ठिपका उजळतो आणि रंगाचा डाग दिसतो.

मुंबईत विजेची पहिली लोकल 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली. तारेत 1500 व्होल्टचा डी.सी. प्रवाह होता. दाब कमी असल्याने गाडीला लागणारी शक्ती देण्यासाठी प्रवाह फार मोठा, शेकडो-हजारो अँपिअरचा लागे. गाडीने वेग घेतला की तो वाढे, त्याबरोबर रुळांभोवतीचे चुंबकीय क्षेत्र वाढे आणि शेजारच्या घरातले चित्र सरके. पुढे मुंबईतील मार्ग 25,000 व्होल्टच्या ए.सी. प्रवाहावर नेण्यात आले. पश्चिम रेल्वेवर हे काम 2012 साली, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर 2015 साली आणि हार्बर मार्गावर 2016 साली पूर्ण झाले. दाब सुमारे सतरा पट वाढल्याने तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह सतराव्या हिश्श्याने पुरतो. त्यामुळे आज रुळांलगतच्या घरात जुना मॉनिटर लावला तर त्रास पूर्वीपेक्षा कमी व्हावा, आणि झालाच तर सरकण्याऐवजी बारीक थरथर दिसावी.

विजेच्या गाड्यांचा हा उपद्रव मुंबईने याआधीही ओळखला होता. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे घेतली जात. शहरातील घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने मोजमापे बिघडतील हे ओळखून 1904 साली नवी चुंबकीय वेधशाळा अलिबागला सुरू झाली. काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांचा मेळ बसवला गेला. तेव्हा संचालक होते नानाभाई मूस. विजेची ट्राम 1907 साली धावली. म्हणजे शास्त्रज्ञांनीही यंत्र दुरुस्त करायला घेतले नाही, त्याची जागा बदलली.

तपासणीचा क्रम

1. जागा : मॉनिटर चालू ठेवून आसपासचा स्पीकर, पंखा, स्टॅबिलायझर, ट्यूबलाइटचा चोक आणि दुसरा मॉनिटर एकेक करून बंद करा किंवा दूर न्या. सतत बारीक थरथर असेल तर जवळचा ट्रान्सफॉर्मर किंवा मोटार यांचा संशय घ्यावा. आपल्याकडील वीज सेकंदाला 50 आवर्तने करते, मॉनिटर मात्र चित्र 60 वेळा काढतो. या फरकामुळे चित्र सेकंदाला दहा वेळा हेलकावते. अंतर हा उत्तम उपाय आहे. लहान ट्रान्सफॉर्मरपासून अंतर दुप्पट केले तर त्याचे क्षेत्र सुमारे आठव्या हिश्श्यावर येते.

2. रंगाचे डाग : स्पीकरचा चुंबक जवळ ठेवल्याने जाळी चुंबकित होते. स्पीकर दूर करा. मॉनिटरवर 'डीगॉस' बटण असेल तर एकदा दाबा. नसेल तर मॉनिटर अर्धा तास बंद ठेवून पुन्हा चालू करा. चालू होताना आतील वेटोळे जाळीचे चुंबकत्व घालवते. डाग जुना असेल तर हे दोन-चार वेळा करावे लागते.

3. केबल : संपूर्ण चित्र पिवळट दिसले तर निळा रंग येत नाही, जांभळट-गुलाबी दिसले तर हिरवा येत नाही, आणि हिरवट-निळे दिसले तर लाल येत नाही असे समजावे. दोन्ही यंत्रे बंद करून पंधरा पिनांचा प्लग काढा आणि वाकलेली पिन पाहा. काही केबलमध्ये एखादी पिन मुळातच नसते, तो दोष नव्हे.

4. संगणकाची सेटिंग : चित्र तिरप्या रेषांत फाटले किंवा एकावर एक दिसू लागले, तर मॉनिटरला न झेपणारी वारंवारता संगणक पाठवीत असावा. विंडोज 95 किंवा 98 असेल तर सुरू होताना एफ-8 दाबून सेफ मोडमध्ये जा आणि 640 बाय 480 ठेवून पाहा.

5. अदलाबदल : हाच मॉनिटर दुसऱ्या संगणकाला, दुसऱ्या खोलीत जोडा. दोष मॉनिटरबरोबर गेला तरच मॉनिटर दोषी समजावा.

येथे थांबा

चित्र आक्रसून मध्ये एकच आडवी झगझगीत रेष उरली तर मॉनिटर ताबडतोब बंद करा. त्या रेषेने पडद्यावरचा लेप जळतो. उजेड वाढवताच चित्र फुगत असेल, कडा आत वाकत असतील किंवा टपली मारल्यावर चित्र बदलत असेल, तर दोष आतल्या भागांत आहे. तो जाणकाराकडेच सोपवावा.

पाठीमागचे झाकण घरी कधीही उघडू नका. रंगीत चित्रनळीत 20 ते 25 हजार व्होल्ट दाब असतो. लोकलच्या तारेत आज जवळजवळ तेवढाच दाब आहे, आणि त्या तारेला हात लावण्याचा विचार कुणी करीत नाही. प्लग काढल्यानंतरही हा भार नळीत बराच काळ टिकून राहतो. मॉनिटर खरोखरच निकामी ठरला तर तो फोडू नये. त्याच्या काचेत शिसे असते. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच तो द्यावा.

मित्रांनो, वर्गात ती विद्यार्थिनी वयाने सर्वांत लहान होती. तिच्याकडे पेचकस नव्हता की मीटर नव्हता. होती ती एक वही, एक घड्याळ आणि चित्र सरकले की खिडकीबाहेर पाहण्याची सवय. कोणी 'ट्यूब गेली' असे ठामपणे सांगितले तरी पैसे मोजण्यापूर्वी आठ दिवस अशी एक वही लिहून पाहा.